‘आमच्या रक्तांतच नाहीं’

गेल्या वर्षीं पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या दिवशीं एक पालक मला भेटावयास आले. मुलगा नववीच्या वर्गांतला. गणितांत अनुत्तीर्ण झालेला. गृहस्थ साधे व कष्टाळू होते. मुलावर त्यांचा राग नव्हता. ते एवढेंच म्हणाले, “सर, त्याला बोलूं नका. आमच्या घराण्यांत गणित कोणालाच आलें नाहीं. आमच्या रक्तांतच तें नाहीं.” मुलगा बापाच्या मागें उभा राहून हें ऐकत होता, आणि त्याच्या मुद्रेवर दुःखापेक्षां सुटकेचा भावच मला अधिक दिसला. जें रक्तांतच नाहीं, त्यासाठीं रात्रीं जागावयाचें कशाला?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. आजीच्या तोंडीं जें वाक्य ‘रक्तांत’ ह्या शब्दानें येत असे, तेंच आज शिकलेल्या नातवाच्या तोंडीं ‘जनुकांत’ ह्या शब्दानें येतें, एवढाच काय तो फरक. शब्द नवा झाला म्हणून विचार नवा झाला, असें मात्र नव्हे. उलट, जुन्या म्हणीस शास्त्राची शाल पांघरल्यामुळें तिच्यापुढें मान तुकविणारांची संख्या वाढली आहे. आणि मला प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे कीं, ह्या दोषाचा कांहीं भाग आम्हां शास्त्रशिक्षकांकडेच येतो.

तो असा. आम्ही वर्गांत फळ्यावर तीन शब्द लिहितों: डी. एन. ए., आर. एन. ए., प्रथिन. मध्यें दोन बाण काढतों, आणि मुलें तें पाढ्याप्रमाणें घोकतात. फ्रान्सिस क्रिक ह्यांनीं १९५८ सालीं हा विचार लेखरूपानें मांडला, आणि १९६१ सालीं संदेशवाहक आर. एन. ए. ह्या मधल्या दुव्याचा शोध लागला, हें सर्व खरें आहे. परंतु त्या दोन सरळ बाणांमुळें मुलांच्या मनावर जो ठसा उमटतो तो असा कीं, जनुकांत जें लिहिलें आहे तें यंत्राप्रमाणें प्रथिनांत उतरतें व प्रथिनांत जें उतरलें तेंच माणसाचें नशीब. हा ठसा चुकीचा आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, त्या दोन बाणांच्या मध्यें जें घडतें तेंही आपण मुलांस शिकविलें पाहिजे. कारण जीवनाचा पुष्कळसा कारभार तेथेंच चालतो.

एका मोठ्या संस्थेच्या दप्तरखान्याची कल्पना करा. मूळ दस्तऐवज कपाटांत कुलूपबंद असतात. ते बाहेर जात नाहींत. काम पडेल तेव्हां त्यांतील एखाद्या पानाची नक्कल करून ती कारखान्याकडे पाठवितात. पेशीचें केंद्रक हा दप्तरखाना, डी. एन. ए. हे मूळ दस्तऐवज, संदेशवाहक आर. एन. ए. ही नक्कल, आणि ती वाचून प्रथिनें घडविणारा रायबोसोम हा कारागीर. आतां लक्षांत घ्या कीं, कांहीं अपवाद सोडले तर आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशींत तेच दस्तऐवज असतात. डोळ्याच्या पेशींत यकृताचीं पानें आहेत, आणि यकृताच्या पेशींत डोळ्याचीं. तरी यकृतास दृष्टि येत नाहीं. तेव्हां केवळ ‘काय लिहिलें आहे’ एवढ्यानें भागत नाहीं. ‘कोणतें पान उतरविलें, कोणती नक्कल पुढें गेली, ती किती वेळां वाचली गेली व केव्हां फाडून टाकली’ ह्यांवरच सारें अवलंबून असतें.

कोणतें पान उतरावयाचें ह्याचा निर्णय केंद्रकांत होतो, व त्याविषयीं थोडेंबहुत वाचावयास मिळतें. पण नक्कल उतरल्यानंतर तिच्यावर जी देखरेख असते तिची वार्ता शाळेंत पोंचतच नाहीं. संदेशवाहक आर. एन. ए. पेशींत कधीं एकटा फिरत नाहीं. त्याचा जन्म होतो न होतो तोंच आर. एन. ए.स चिकटणारीं प्रथिनें त्याला घेरतात. कांहीं त्यांतील निरुपयोगी मजकूर कोठें कापावा व उरलेले तुकडे कसे जोडावे हें ठरवितात. कांहीं त्यास केंद्रकाच्या बाहेर नेतात. कांहीं त्याच्या लांब शेपटीस धरून राहतात आणि त्याचें आयुष्य राखतात. कांहीं त्यास रायबोसोमापाशीं जाऊं देत नाहींत. आणि कांहीं तर त्यास नाश करणाऱ्यांच्या स्वाधीन करितात. म्हणूनच एखादा संदेश कांहीं मिनिटांत नाहींसा होतो, तर दुसरा कित्येक तास टिकतो. मनुष्याच्या पेशींत प्रथिनांचा मजकूर सांगणारीं जनुकें सुमारे २०,००० आहेत. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेंत, त्यांपैकीं आर. एन. ए.स चिकटणारीं प्रथिनें घडविणारीं १५४२ भरलीं. म्हणजे तेरा नोकरांमागें एक नोकर केवळ पत्रव्यवहारावर नजर ठेवण्यास नेमलेला आहे. ज्या संस्थेंत पत्र आपोआप हुकूम बनत असेल, तेथें एवढा नोकरवर्ग कशास लागेल?

हें सर्व ऐकण्यास अवघड वाटेल. म्हणून एक उदाहरण जरा विस्तारानें देतों. तें लोहाचें आहे.

लोहावांचून पेशी जगत नाहीं, आणि मोकळें लोह फार झालें तर तें पेशीस घातक ठरतें. कारण त्याच्या योगानें पेशीचे घटक जाळून टाकणारे तीव्र पदार्थ निर्माण होतात. घरांत मीठ हवें, पण मूठभर आमटींत पडलें तर सारी आमटी फुकट, तशांतलाच हा प्रकार. म्हणून पेशीनें दोन व्यवस्था ठेविल्या आहेत. एक कोठार: फेरिटिन नांवाचें प्रथिन, ज्याच्या एका पोकळ गोळ्यांत लोहाचे सुमारे ४,५०० अणु सांठवितां येतात. दुसरें दार: रक्तांतून लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिन ह्या प्रथिनास पेशीच्या पृष्ठभागावर धरून आंत घेणारें ग्राहक प्रथिन. लोहाची चणचण असेल तेव्हां दारें वाढलीं पाहिजेत व कोठारें कमी झालीं पाहिजेत. लोह मुबलक असेल तेव्हां ह्याच्या बरोबर उलट. हा हिशेब पेशी ठेवते कशी?

१९७६ सालीं हॅमिश मनरो व त्यांचे सहकारी ह्यांनीं उंदरांच्या यकृतावर प्रयोग करून असें दाखविलें कीं, लोह दिल्यावर फेरिटिन वाढतें तें नव्या नकला उतरविल्यामुळें नव्हे, तर आधींच तयार असून थांबवून ठेविलेल्या नकला वाचल्या जाऊं लागल्यामुळें. पुढें १९८७ सालीं मानवी फेरिटिनच्या संदेशाच्या आरंभीं, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्यापूर्वीं, केसांच्या आंकड्यासारखी दुमडलेली सुमारे तीस अक्षरांची एक खूण सांपडली. ह्या खुणेस ओळखणारीं दोन प्रथिनें पेशींत असतात. लोह कमी असलें कीं तीं त्या आंकड्यावर घट्ट बसतात, आणि रायबोसोमास आंत शिरतां येत नाहीं. कोठार बांधण्याचें काम थांबतें. आतां गंमत पाहा. दाराच्या, म्हणजे त्या ग्राहक प्रथिनाच्या, संदेशांतही अशाच पांच खुणा आहेत. पण त्या आरंभीं नसून शेवटीं, मजकूर संपल्यानंतर आहेत. तेथें तींच प्रथिनें बसलीं म्हणजे संदेश वाचण्यास कांहींच अडथळा होत नाहीं. उलट, त्यास तोडून टाकणाऱ्या विकरांपासून त्याचें रक्षण होतें, आणि दारें वाढत जातात. पहारेकरी तोच, खूणही तीच. दरवाज्यांत उभा राहिला तर वाट अडवितो, पाठीशीं उभा राहिला तर जीव वांचवितो.

आणि लोह पुरेसें झाल्यावर? त्या दोहोंपैकीं एक प्रथिन स्वतःच लोह व गंधक ह्यांचा एक लहानसा गुच्छ धारण करितें, त्यामुळें आर. एन. ए.वरील त्याची पकड सुटते, आणि तें चक्क दुसऱ्याच कामावर, सायट्रेटवर क्रिया करणारें विकर म्हणून, रुजू होतें. दुसरें प्रथिन नष्ट केलें जातें. कोठाराची वाट मोकळी होते, दारांचे संदेश तुटूं लागतात. ह्या सर्व उलाढालींत मूळ दस्तऐवजाचें एक अक्षरही बदललेलें नसतें. बदललें असतें तें एवढेंच कीं, आपल्या ताटांतून कांहीं लोह पेशीपर्यंत पोंचलें.

ही देखरेख बिघडली तर काय होतें, ह्याचाही पुरावा आहे. १९९५ सालीं फ्रान्स व इटलींतील कांहीं कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ह्या कुटुंबांतील माणसांस तरुणपणींच, क्वचित् बालपणींच, मोतीबिंदु होत असे, आणि त्यांच्या रक्तांत फेरिटिन अतिशय वाढलेलें असे. असें फेरिटिन पाहून शरीरांत लोह साचलें असावें असा समज होई व रक्त काढण्याचा उपाय करण्यांत येई. पण त्यानें रोग्यास पांडुरोग मात्र जडे, कारण लोह मुळीं अधिक नव्हतेंच! शोध करतां असें आढळलें कीं, फेरिटिनचा मजकूर निर्दोष होता, त्यापासून होणारें प्रथिनही निर्दोष होतें. दोष होता तो संदेशाच्या आरंभींच्या त्या आंकड्यांत. खूण विस्कटल्यामुळें पहारेकऱ्यास ती ओळखतां येईना, आणि लोह असो वा नसो, फेरिटिन तयार होतच राहिलें. पत्रांतील मजकुरांत चूक नव्हती. समासांत चूक होती, आणि तेवढ्यानें दृष्टि गेली.

ह्यावरून माझें पहिलें अनुमान असें: जनुक म्हणजे हुकूम नव्हे, जनुक म्हणजे मसुदा होय. त्याचा हुकूम होण्यापूर्वीं त्यावर अनेकांचा हात फिरतो, आणि त्या हातांपर्यंत बाहेरच्या परिस्थितीची वार्ता पोंचलेली असते. दुसरें अनुमान असें: वंशपरंपरेनें आलेली प्रत्येक गोष्ट उपायाच्या पलीकडची असते, असें मानण्यास आधार नाहीं. पाठीच्या कण्यांतील मज्जापेशी नष्ट होऊन स्नायु झिजविणारा एक आनुवंशिक रोग लहान बालकांस होतो. त्यांत एक आवश्यक जनुक गमावलेलें असतें; त्याचें एक जुळें जनुक शरीरांत असतें, पण त्याची नक्कल जोडतांना एक तुकडा बहुधा गळून जातो. नुसिनर्सेन ह्या औषधानें त्या नकलेवरील जी जागा झांकली जाते ती तुकडा गाळण्यास कारण होणाऱ्या प्रथिनांची बैठक होय. जागा झांकली कीं तुकडा जोडला जातो. डिसेंबर १९१६ नव्हे, १८१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, डिसेंबर २०१६ मध्यें अमेरिकेंत ह्या औषधास मान्यता मिळाली. आणि लक्षणें दिसण्यापूर्वींच ज्यांस तें मिळालें अशीं कित्येक बालकें बसूं व चालूं लागलीं. औषध अतिशय महाग आहे, आणि सामान्य माणसाच्या आवांक्यांत तें येणें हा वेगळाच झगडा आहे. तथापि तत्त्व सिद्ध झालें: जनुकास हात न लावतां, केवळ त्याचें वाचन सुधारून, ‘रक्तांतला’ रोग मागें हटवितां आला.

आतां माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार केला नाहीं तर तें अप्रामाणिकपणाचें होईल. पहिला आक्षेप असा कीं, हीं पहारेकरी प्रथिनें तरी कोठून आलीं? तींही जनुकांपासूनच! हें अगदीं खरें आहे. पण जनुकांनीं जर असा कारभार निर्माण केला असेल कीं जो अन्नाकडे व परिस्थितीकडे पाहून आपला निर्णय फिरवितो, तर परिस्थितीस महत्त्व आहे ही गोष्ट जनुकांनींच मान्य केली म्हणावयाची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कांहीं बालकें जन्मतःच बुद्धीनें मंद असतात, आणि त्याचें कारण कित्येकदां आनुवंशिकच असतें. १९९१ सालीं ज्याचा शोध लागला तें एक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यांतील तीन अक्षरांची पुनरुक्ति दोनशेंहून अधिक वेळां झाली म्हणजे तें जनुक मुकें होतें. त्यापासून व्हावयाचें प्रथिन हें आर. एन. ए.स चिकटणारेंच असून मेंदूंतील मज्जापेशींच्या सांध्यांपाशीं कित्येक संदेशांचें वाचन आवरून धरण्याचें काम करितें. तें नसलें म्हणजे मुलाची आकलनशक्ति मंदावते. मुलींपेक्षां मुलांस हा त्रास अधिक होतो. येथें रक्तांतील लेख खरोखरीच आडवा येतो, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्यापासून शिक्षकानें कोणता धडा घ्यावा? अशा मुलास ‘आळशी’ म्हणून शिक्षा करणें हा अन्याय होय, आणि ‘ह्याला कांहीं येणारच नाहीं’ म्हणून मागच्या बांकावर सोडून देणें हा त्याहून मोठा अन्याय होय. त्यास धिमेपणानें, पुनःपुन्हां, त्याच्या पद्धतीनें शिकविलें तर तो शिकतो. दोष खरा असला तरी आपलें कर्तव्य त्यानें कमी होत नाहीं; वाढतें.

तिसरी गोष्ट मी स्वतःच सांगून टाकतों. लोहाच्या प्रथिनावरून गणिताच्या परीक्षेपर्यंत एकदम उडी मारणें शास्त्रास धरून होणार नाहीं. पेशी संदेश आवरते म्हणून प्रत्येक मूल गणिती होईल, असें कोणतेंही प्रयोगशाळेंतलें टिपण सांगत नाहीं. आणि तसें सांगणारा मनुष्य त्या पालकांइतकाच घाईचा ठरेल. शास्त्र आपणांस एवढेंच सांगतें कीं, ‘लिहिलेलें आहे, म्हणून ठरलेलें आहे’ हा नियम एका पेशीसही लागू पडत नाहीं. मग तो संबंध मुलास, तपासून न पाहतां, लावण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

म्हणून माझी सूचना अशी. वर्गांत ते तीन शब्द व दोन बाण अवश्य शिकवावे. परंतु त्यानंतर एक तास तरी मधल्या बाणासाठीं राखून ठेवावा, आणि त्या तासास लोहाचें उदाहरण घ्यावें. तें आपल्यापासून दूर नाहीं. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. लोहाची उणीव हें त्याचें एक प्रमुख कारण आहे. प्रार्थनेच्या वेळीं रांगेंत घेरी येऊन बसणाऱ्या मुली आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. अशा मुलीस घरीं काय म्हणतात? “ती जन्मापासूनच नाजूक. तिच्या आईचेंही असेंच होतें.” पुन्हां तेंच रक्त, आणि पुन्हां तेंच घराणें! वस्तुतः तिच्या लक्षावधि पेशींत ते पहारेकरी संदेशांवर बसून लोहाची वाट पाहत असतात. शाळांतून आठवड्यास एकदां जी लोहाची निळी गोळी मिळते, ती कडवट लागते म्हणून कित्येक मुली खिडकींतून फेंकून देतात, हें मला ठाऊक आहे. त्या गोळीचें पुढें काय होतें हें जर त्यांस नीट समजलें, तर खिडकीखालच्या निळ्या गोळ्या कमी होतील, अशी माझी खात्री आहे.

शेवटीं त्या नववीच्या मुलाविषयीं. लोहाचा हा पाठ मीं वर्गांत सांगितला तेव्हां सर्वांत आधीं हात वर झाला तो त्याचाच. त्यानें विचारलें, “सर, प्रथिन तेंच, खूण तीच, मग परिणाम उलट कसा?” मी म्हटलें, “तूंच सांग.” तो थोडा वेळ थांबून म्हणाला, “जागा वेगळी आहे म्हणून.” गणितांत तो वर्षअखेर उत्तीर्ण झाला; फार गुण मिळाले असें नव्हे, पण उत्तीर्ण झाला. त्याचें श्रेय त्याच्या पहांटेच्या अभ्यासास आहे, माझ्या पाठास नाहीं. परंतु त्याच्या उत्तरांत जें सत्य होतें तें मला अजून विसरतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वाडवडिलांनीं आपणांस जो लेख दिला तो आपणांस बदलतां येत नाहीं, आणि त्याची लाज बाळगण्याचेंही कारण नाहीं. पण तो लेख कोणत्या जागीं, कोणत्या अन्नावर, कोणाच्या संगतींत व किती मेहनतीनें वाचला जातो, ह्यांतील पुष्कळ गोष्टी आपल्या, आपल्या आईबापांच्या व आम्हां शिक्षकांच्या हातीं आहेत. तेव्हां ‘आमच्या रक्तांतच नाहीं’ असें पुन्हां कोणी म्हटलें, तर नम्रपणें पण ठामपणें एवढेंच विचारावें: “आपण वाचून पाहिलें काय?”